पावाचं नाणं

कंडक्टरबाईंना सुटे पैसे मोजायला डोळे लागत नसत. बस वळणावर झुकलेली, बाई खांबाला पाठ टेकून उभ्या, आणि बोटं पिशवीतून नेमकी चिल्लर काढून समोरच्याच्या तळहातावर ठेवणार. याच बोटांनी त्या दिवशी घात केला.

झालं होतं असं. देशातलं खाणंपिणं आणि कला दाखवणारी नवी नाणी चलनात आली होती. कशावर कणीस, कशावर मासा, कशावर ढोल, कशावर विणकराचा माग. बाई आणि त्यांचे सासरे हात धुऊन त्यांच्या मागे लागले. रोज संध्याकाळी बाईंची पर्स टेबलावर उलटी व्हायची आणि दोघं नाणी चाळत बसायची. नियम सासऱ्यांचा: नाणं रोजच्या व्यवहारात हाती आलं पाहिजे. "विकतच आणायचं, तर मग बटणं जमवलेली काय वाईट?" सगळी मिळाली, राहिलं ते फक्त पावाचं. आणि सासऱ्यांचा तर जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेलेला. त्यात त्यांची नजर झपाट्याने चालली होती, डॉक्टरांनीही हात टेकले होते. त्यांना दिसतंय तोवर पाव मिळायलाच हवा, या ध्यासाने बाईंना पछाडलं होतं.

आणि तो आला की हो! एका कॉलेजातल्या मुलीने तिकिटासाठी पुढे केला, चांगला टम्म फुगलेला.  नाणं मुठीत धरून, तिकिटांच्या पिशवीत बदली टाकायला बाई पर्समधलं स्वतःचं नाणं शोधू लागल्या. तेवढ्यात उतरणाऱ्या एका टोपीवाल्या गृहस्थांनी सुट्यांसाठी हात पुढे केला, आणि बोटांनी सवयीने पाव त्यांच्या हातावर ठेवला. बस सुटली तेव्हा बाईंची मूठ रिकामी. मागच्या काचेतून दिसलं, गृहस्थ पेपरवाल्याला पैसे देत होते.

परतीच्या फेरीत बाईंनी ड्रायव्हरला थांबवलं आणि स्टॉलकडे धाव घेतली.

"दादा, तुमच्याकडे एक पावाचं नाणं आलंय का हो?"

"आलंय ना. बाजूलाच काढून ठेवलंय, ताई," पेपरवाला खुशीत म्हणाला. "मी जमवतो."

घ्या. आता बोला. बाईंनी दुप्पट, चौपट देऊ केले, पण तो बधेना. "पैसे नकोत. ढोल असेल तर बघू."

ढोल घरी होता, पण एकच. सासऱ्यांना पत्ता लागू न देता बाईंनी दुसऱ्या दिवशी तो देऊन पाव घेतला आणि संध्याकाळी जवळजवळ पळतच घर गाठलं.

सासऱ्यांनी नाणं दिव्याखाली अगदी डोळ्याशी धरलं. "दिसतोय गं मला," ते म्हणाले. "छान फुललाय." कितीतरी वेळ ते नाणं फिरवत राहिले. मग नाण्यांच्या डबीत ठेवायला गेले आणि बोट शेजारच्या रिकाम्या खाचेत अडकलं.

"ढोल कुठाय?"

बाईंनी घडलं ते सगळं सांगितलं आणि आता बोलणी खायची म्हणून मान खाली घातली.

"बरं झालं," सासरे म्हणाले. "मला धास्तीच पडली होती. सगळी मिळाली असती, तर उद्यापासून माझ्यापाशी कशाला बसली असतीस?"