सुभेदारांचे कंस आणि माझी जीभ

मंडळी, आज सकाळी मी अशी वागले की अजून आरशात बघवत नाही.

साताऱ्यात आम्हा निवृत्तांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग चालतो. शिकवतात म्हसवडचे एक सुभेदार. सैन्यात वायरलेसवर होते. आज तिकिटाचा प्रोग्राम होता. वय पासष्टच्या वर असेल तर ‘ज्येष्ठ’ लिहायचं आणि तिकीट अर्धं करायचं. या दोन ओळी अटीखालच्या आहेत हे दिसावं म्हणून आत सरकवायला सांगून त्यांनी शिवाय दोन्हींभोवती महिरपी कंसही घालायला लावले.

“ओळी आत सरकवल्यात ना? मग तेच पुन्हा कंसाने कशाला सांगायचं?” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ द्या मॅडम, कंस लागतोय.”

“आधी ‘राहू द्या’ म्हणायला शिका, मग आम्हाला शिकवा!”

वर्ग हसला. मी ऐटीत कंस पुसले. प्रोग्राम बिनतक्रार चालला आणि वीस वर्षांच्या मुलीलाही अर्धं तिकीट देऊन मोकळा झाला. कंस गेल्यावर अट फक्त पहिल्या ओळीपुरती उरली होती.

आता हे मला सोलणार, असं वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, “आवं, वायरलेसवर आमीबी आकडा दोनदा सांगायचो. ऐकणाऱ्याची चूक न्हाई, खरखरच लय असायची.” आणि माझे कंस स्वतः घालून दिले.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी! अपमान केला दहा जणांसमोर, आणि ‘सॉरी’ म्हटलं जिन्यात, आजूबाजूला कोणी नाही हे बघून.

उद्या सगळ्यांसमोर माफी मागायची आहे. तुम्ही कधी मागितली आहे का? सुरुवात कशी केलीत?