विलासने न तपासलेले शब्द

सहा आठवड्यांपूर्वी नागपूरहून सुजातावहिनींचा फोन आला. विलास गेला... हार्ट अटॅक. म्हणाल्या, "अमेरिकेतली नोकरी गेली ते त्यांच्या मनातून कधी निघालंच नाही, भाऊजी. आपल्याच हातून चूक झाली असेल, म्हणायचे." मी इकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या घरात फोन धरून उभा होतो. खरं काय ते तेव्हाही सांगितलं नाही.

विलास मेश्राम आणि मी इथे एकाच कंपनीत होतो. अंध माणसांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. आम्हा दोघांकडे डच भाषेचं काम होतं. डचमध्ये दोन-तीन शब्द जोडून एक लांबलचक शब्द होतो. जोड कुठे आहे ते कळलं, तरच अक्षरं नीट सुटी होतात आणि जोर योग्य जागी पडतो. डच आम्हाला येत नव्हतं. विलास दर शनिवारी बस बदलत बॉथेलला एका डच आजींकडे यादी घेऊन जायचा. त्या शब्द म्हणायच्या, हा जोराच्या जागी टेबलावर बोट आपटायचा आणि पेन्सिलीने खूण करायचा.

रिलीजच्या आठवड्यात सहाशे शब्द तपासायचे उरले. "घाई काहून करून राहिला बे? एक शनिवार दे," तो म्हणाला. "तुझी आजी परीक्षा घेत बसेल, तोवर साहेब आपल्याला परतीच्या विमानात बसवेल," मी हसून म्हणालो. तो घरी गेल्यावर उरलेले शब्द मी प्रोग्रॅमकडून तोडून घेतले. फाइलवर 'तपासणारा : विलास मेश्राम' असं होतं. ते तसंच ठेवलं.

प्रोग्रॅमला जोड दिसत नव्हते. 'हाउस-आर्ट्स' म्हणजे घरचा डॉक्टर. त्याने 'हाउ-सार्ट्स' केलं. असे कितीतरी. हॉलंडहून तक्रार आली, तेव्हा साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "हे कोणी चेक केलं?" माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्यांच्याच सहीसाठी पडून होते. विलास त्या दिवशी रजेवर होता. साहेबांनी फाइलवरचं नाव वाचलं, मी ते वाचू दिलं... दुसऱ्या दिवशी त्याला काढलं, फाइल पाहूही दिली नाही. व्हिसा नोकरीवरच होता. महिन्याभरात तो, वहिनी आणि त्यांची लहान मुलगी परत गेले. विमानतळावर मला म्हणाला, "तू तरी टिकून राह्य, यार."

गेल्या रविवारी मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय? तिकडच्या लोकांना वाटते, यांना काम जमलं नाही. माझ्या पोरीलाही तेच वाटते. त्यांना सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. संघमित्रा, तुझ्या बाबांनी तपासलेल्या शब्दांत एकही चूक निघाली नव्हती. चुकलेले सगळे शब्द माझे होते.