सासूबाईंना डांबून ठेवण्याचा डॅनिश उपाय

ड्रेस्डेनच्या डिसेंबरबद्दल मी काही सांगायला लागलो की पुण्यातले लोक म्हणतात, हा फेकतोय. अजिबात नाही. इथे दुपारी साडेतीनलाच सूर्य दप्तर आवरायला घेतो. मागच्या हिवाळ्यात तर तो सलग तीन आठवडे फिरकलाच नाही. आजारपणाचं सर्टिफिकेट पाठवून मोकळा झाला असणार, इथे सगळेच तसं करतात. थंडी अशी की एल्बे नदीतलं एक बदक काठावर येऊन मला विमानतळाचा रस्ता विचारून गेलं.

अशा हवेत सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात सासरे गेले. त्यांच्याविना आलेला पहिला हिवाळा आईने पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटीने काढू नये, एवढंच माझ्या बायकोचं म्हणणं होतं. तिकीट मार्चचं होतं. पण तीन आठवडे झाले नाहीत तोच सासूबाईंनी जाहीर केलं, "मी जाते परत. आमच्या सोसायटीची सभा आहे."

"आई, पण तुम्ही कमिटीवर कुठे आहात?"

"म्हणूनच जायला हवं. जे आहेत त्यांना काही कळत नाही."

पुण्यातल्या त्यांच्या भाच्याला फोनही झाला. शुक्रवारपर्यंत नक्की सांग मावशी, म्हणजे तारीख बदलतो, असं तो म्हणाला. बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "काहीतरी कर. तिथे जाऊन ती भिंतींशी बोलत बसेल रे." तिचा आवाज असा झाला होता की एरवी सुचलेले चार विनोद मी गिळले.

आता मी काम करतो चिपच्या कारखान्यात. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या वस्तू आम्ही बनवतो. एक सासू थांबवणं म्हणजे काय मोठंसं! आमच्या विभागात एक डॅनिश सहकारी आहे. त्याला विचारलं, बाबा रे, तुमच्याकडे तर याहून काळोख, तुमची माणसं पळून कशी जात नाहीत? तो म्हणाला, ह्यूगे. म्हणजे घरात ऊब करायची, मोठे दिवे बंद, मेणबत्त्या चालू, जाडजूड पांघरूण, लोकरीचे मोजे, गरम काहीतरी प्यायचं आणि निवांत बसायचं. झालं.

मी शनिवारी बाजार उचलून आणला. बैठ्या मेणबत्त्या दोन डझन. पांघरूण इतकं केसाळ की आमच्या सात वर्षांच्या लेकीने त्याला आधी थोपटलं आणि मग नाव विचारलं. रविवारी संध्याकाळी साडेचारला मी चोवीसच्या चोवीस मेणबत्त्या पेटवल्या, ट्यूब बंद केली आणि सासूबाईंना समारंभपूर्वक बाहेर बोलावलं.

दारातच त्या थबकल्या. "लाइट गेले?"

"नाही आई, मुद्दाम घालवलेत."

"लोडशेडिंग करायला जर्मनीपर्यंत आलात होय, जावईबापू?"

तरी बसल्या. चोवीस ज्योतींना एकत्रित नमस्कार केला, पायांत मोजे चढवले, कोको प्यायला आणि "काढ्यात साखर जास्त झाली" असा निकाल दिला. वीस मिनिटांनी उठल्या. "छान होतं हो. येते पडून जरा खोलीत." कार्यक्रम संपला असं समजून लेकीने पहिल्या मेणबत्तीसमोर गाल फुगवले.

"ए! थांब!" सासूबाई अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरच्या बाईंचं मांजर छतापर्यंत उडालं असेल. "तिन्हीसांजेचा दिवा फुंकायचा नाही!"

"आई, फुलाने शांत करतात ना?" मी शास्त्र काढलं.

"एक दिवा असेल तर. डिसेंबरात चोवीस फुलं आणताय? आणा."

"मग राहू देत जळत."

"जळत ठेवून उठायचं नाही," बायको म्हणाली. "हाउसऑर्डनुंगमध्ये लिहिलंय." इमारतीच्या नियमांचं हे पत्रक आमच्या जिन्यात लावलेलं असतं आणि खालच्या बाईंना ते पाठ असतं. त्यांना नुसता जळका वास आला तरी त्या कलम क्रमांकासकट वर येतात.

म्हणजे पुण्याच्या शास्त्राप्रमाणे दिवे विझवता येत नव्हते आणि ड्रेस्डेनच्या शास्त्राप्रमाणे सोडून उठता येत नव्हतं. मी पाकीट पालथं केलं. प्रत्येकी चार तास.

"तुम्ही जा आपापल्या कामाला," सासूबाई म्हणाल्या. "मी बसते एकटी. सवय झालीय मला."

खरं सांगायचं तर तीन आठवडे संध्याकाळी आम्ही तिघं तीन खोल्यांत तीन स्क्रीनसमोर, आणि पाहुणी चौथ्या खोलीत हीटरची टकटक ऐकत, असंच चाललं होतं. सभा कसली न् काय कसली! बायकोने उठून लॅपटॉप बंद केला आणि येऊन आईच्या पांघरुणात पाय खुपसले. मीही बसलो. लेक आधीच त्यात बुडाली होती, फक्त नाक वर.

अर्धा तास आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग सासूबाई खोलीत जाऊन पर्स घेऊन आल्या आणि त्यातून रबर लावलेला पत्त्यांचा कॅट काढला. "चौघं आहोत. मेंढीकोट येतो का कोणाला?"

हा कॅट सासऱ्यांच्या हातचा. बायकोने तो बघितला आणि पत्ते पिसायच्या निमित्ताने मान खाली घातली. आयुष्यभर सासू-सासऱ्यांचीच जोडी असायची. सासऱ्यांनंतर तो रबर निघालाच नव्हता.

मी लेकीला जोडीला घेतलं आणि आमची जी काही धूळधाण झाली, ती इतिहासात तोड नसलेली. सासूबाई खेळतात ते माणसाच्या पातळीवरचं नाही. पाठीमागून पत्ते वाचतात. वर हुकूम हातात असून नसल्याचा बहाणा.

"आजी, दास इस्ट अनफेअर!" लेक किंचाळली.

"काय म्हणते?"

"तुम्ही उत्तम खेळता म्हणते."

"मग बरोबर आहे तिचं."

सोमवारी पाच वाजता मी घरात पाऊल टाकतोय तोच नव्या पाकिटातले चोवीस दिवे लागलेले. "हातपाय धुवा आणि बसा." मंगळवारी तेच. बुधवारी ऑफिसची एक महत्त्वाची ऑनलाइन मीटिंग होती. मी जर्मनीत प्रथमच खरं कारण कळवलं, की घरात दिवे जळत असल्यामुळे येता येत नाही. "गेनाऊ, अगदी बरोबर, आगीशी खेळ नको," असं उत्तर आलं. लेक आता 'दश्शी टाक की!' असं अस्सल सदाशिवपेठी आवाजात ओरडायला लागली होती. पुढचं भांडण जर्मनमध्ये. आजी मराठीत परतवायची. कोणाचंही काही अडत नव्हतं.

तिकिटाचा विषय मात्र सासूबाईंनी काढला नाही, आणि विचारायची आमची छाती झाली नाही. गुरुवारी बायको झोपेत दोनदा "हुकूम" म्हणाली.

शुक्रवारी डाव ऐन रंगात असताना फोन वाजला. भाचा. सासूबाईंचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"मावशी, जानेवारीची जागा मिळतेय. करू ना बुक? सभेला पोचशील."

बायकोने पत्ते तोंडासमोर धरले, उलटे. तिची चौकटची राणी सगळ्यांना दिसत होती.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग लेकीकडे. "सभेला काय आग लागलीय?" त्या म्हणाल्या. "मार्चलाच येते मी. ठेव आता, उतारी माझी आहे."

फोन बंद झाला. बायकोने पांघरुणाच्या टोकाने डोळे पुसले.

"रडायचं काय त्यात?" सासूबाई तिचे पत्ते सुलटे करून देत म्हणाल्या. "आणि राणी आत्ता नको टाकूस. जावईबापूंकडे राजा आहे."

होता. त्यांनी कधी बघितला, देव जाणे.