कोमलचा निर्जळी शुक्रवार

ही हकीकत मी इतकी वर्षं टाळली. तुमच्या नातीला देवीनं कसं वाचवलं ते सांगा, असं भजनी मंडळातले लोक म्हणायचे. मी सांगायचोही, पण अर्धंच. देवी धावून आली हे खरं. कुणाच्या चुकीमुळं तिला यावं लागलं, तेवढं मी गाळत आलो.

कोमलचं आतडं जन्मापासून निकामी. डॉक्टरांनी पोटावर वाट करून दिली. शौच तिथून पिशवीत जमा होई. आई-बाप पुण्याला कामाला, म्हणून ती तेर गावी माझ्यापाशी. सिस्टरनं बजावलं होतं, पोरीला पिशवी रिकामी करायला, बदलायला शिकवा आणि पाणी भरपूर पाजा. मी शिकवलं नाही. दार लावून, नाकाला उपरणं धरून मीच उरकायचो. ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. देवीच्या देवळातली शुक्रवारची आरती माझ्याकडं असे आणि तिला यायचं असे. चार लोकांत वास आला तर? म्हणून मी तिला सांगितलं, देवीला तुझा निर्जळी उपवास पाहिजे. पोटात काही नसलं की पिशवीही भरणार नाही, हा माझा हिशेब. लेकरू आनंदानं उपाशी राहू लागलं.

एका उन्हाळ्यात आरती संपता संपता ती कोसळली. धाराशिवच्या दवाखान्यात नेताना बसमध्ये तिची मान माझ्या मांडीवर लोळत होती. माझं काय न्यायचं ते ने, हिला सोड, असं मी देवीला विनवत होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरची एक वयस्कर मुसलमान बाई पुढं आली. तिनं पोरीच्या पोटाला हात लावला आणि पाणी कधी दिलं ते विचारलं. मी म्हणालो, उपास हाय.

“चाचा, पहिलं पाणी पाजा. देवाला सांगा, उपास मोडला त्यो माझ्या नावावर टाक म्हणून.”

तिच्या पदराला मीठ-साखरेची पुडी बांधलेली होती. पाण्यात कालवून ती घोट घोट पाजत राहिली. धाराशिव येईपर्यंत कोमलनं डोळे उघडले. दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा आली, पोरीला घेऊन बाथरूममध्ये गेली आणि बऱ्याच वेळानं दोघी हसत बाहेर आल्या.

“आबा, मीच पिशवी बदलली. ह्या खालाला बी हाय तसलीच. ती म्हणली, तोंड धुतो तसंच हे.”

नंतर ती बाई कधीच दिसली नाही. नाव विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

मी कोमलला उपवास कायमचा बंद करायला सांगितलं, पण का ते सांगितलं नाही. तिनं ऐकलं नाही. तिच्या लेखी त्या उपवासामुळंच देवी पावली होती. आज ती उमरग्याच्या एका दवाखान्यात पोटावर पिशवी असलेल्या लेकरांना स्वतःचं स्वतः करायला शिकवते. शुक्रवार मात्र अजून निर्जळी. पाणी कमी पडून तिची मूत्रपिंडं खराब होत चालली आहेत, असं डॉक्टर सांगतात. मी माझी लाज देवीच्या नावावर खपवली नसती, तर तेवढीच माझी खरी भक्ती झाली असती. त्या बाईसाठी रोज हात जोडतो. स्वतःसाठी काही मागवत नाही.

मागच्या शुक्रवारी खरं सांगायचंच म्हणून उमरग्याला गेलो. कोमल एका चिमुरडीला समजावत होती, “पाणी पीत राहायचं बरं का राणी. पिशवी निम्मी भरायच्या आत मोकळी करायची. यात लाजायचं काय?” तिचे स्वतःचे ओठ सुकलेले होते. मला बघून उठली, पाया पडली.

“काय आबा, आज कसं काय?”

कोमल, देवीनं काही मागितलं नव्हतं गं. लाज मला वाटत होती. मला माफ कर. एवढंच बोलायचं होतं. मी विचारलं, “परतीची बस कितीला हाय?”