वाटीभर तेल आणि कामशेतची खिंड

दसऱ्याच्या सकाळी सातला आम्ही तिघांनी पुणे सोडलं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. त्यांची मोटार चालवणारे इस्माईलभाई, मूळचे सुदुंबऱ्याचे. आणि सुट्टीला पाहुणा आलेला मी, साताऱ्याकडच्या एका खेड्यातला शाळामास्तर. दाजींचे थोरले बंधू खंडाळ्याला हवापालटासाठी राहिले होते, त्यांना सोनं द्यायला निघालो होतो. गाडी जर्मन लढाईच्या आधीची. मी जन्मात दुसऱ्यांदा मोटारीत बसत होतो, त्यामुळे माझी मान एका जागी ठरत नव्हती.

वडगावला चहा आणि गरम भजी झाली. पुढे दोन्ही बाजूंना पिवळं पडू लागलेलं भात आणि त्याचा असा काही वास, की भूक नव्याने लागावी. पलीकडचे डोंगर कोणते, हे मी इस्माईलभाईंना विचारत होतो. ते मात्र आज तुटक बोलत होते. इंजिन जोरात पळतंय आणि गाडी सावकाश, हे त्यांना वडगावच्या आधीच जाणवलं होतं.

कामशेतच्या खिंडीत सोंग उघडं पडलं. इंजिन बोंबलत राहिलं आणि गाडी चढावर थांबली ती थांबलीच. दाजींचा पारा चढायला काही लागत नाही. गाडीवरून त्यांनी इस्माईलभाईंना यापूर्वी दोनदा तंबी दिली होती.

"परवाच सगळं तपासलं म्हणालास ना? पुण्याला परतलो की दुसरी चाकरी बघ," ते म्हणाले आणि खाली उतरून आंब्याच्या सावलीत जाऊन बसले.

इस्माईलभाईंच्या घरी पाच खाणारी तोंडं. ते पायाखालची फळी उचलू लागले. आणि मी? अशा वेळी गप्प बसावं की नाही! पण झाकण उघडलं की आत डोकावायचं, ही माझी जुनी खोड. ते काय, हे काय, सुरू झालं.

त्यांनी न रागावता, शांतपणे समजावलं. हा क्लच. इंजिनाच्या खोलगट चाकात चामडं चढवलेलं दुसरं चाक घट्ट बसतं. पायाने दाबलं की दोन्ही सुटतात, पाय काढला की चामडं पकड घेतं आणि गाडी ओढली जाते.

"म्हणजे सगळा खेळ चामड्याच्या पकडीचा?"

"व्हय मास्तर. तेलाने माखलं की घसरलंच."

मी डोकावणं थांबवलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. गाडीच्या पूजेचा मान दाजींनी मला दिला होता. कुणी नाही असं पाहून मी हीच फळी उचलली होती. आत चामडं दिसलं, कोरडं. आमच्याकडे मोट (विहिरीचं पाणी उपसायची चामडी पिशवी) कोरडी पडली की तेल पाजतात, नाहीतर ती तडकते. मला बिचाऱ्या चामड्याची दया आली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि तिळाचं वाटीभर तेल मायेने जिरवलं.

हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

गाडी उताराने मागे सोडून पायथ्याशी आणली. तिथे एका खोपटापुढे एक म्हातारे आबा मोटच शिवत बसले होते. चामड्याचं काम चामडंवाल्यालाच विचारावं, म्हणून इस्माईलभाईंनी त्यांना बोलावलं. आबांनी बोट फिरवून वास घेतला.

"लय त्याल पाजलंय कुनीतरी. आमी शिवायच्या आदी तुसाची राख चोळतो, न्हाई तर दोरा धरत न्हाई."

तूस म्हणजे भाताची टरफलं. मावळात त्याला काय तोटा! मी दोन्ही हातांनी पेडल दाबून धरलं. फटीतून त्या दोघांनी रॉकेलच्या चिंधीने चामडं पुसलं, मग कोमट राख चोळली. काळी झाली की झटकायची, पुन्हा नवी. माझे दंड भरून आले, पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? तिसऱ्या खेपेला आबांच्या बोटाला झेंडूची एक तेलकट पाकळी लागली, कुंकवाने लाल झालेली. इस्माईलभाईंनी ती हलकेच उचलून खिशात टाकली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, हा देवमाणूस मला पाठीशी घालतोय.

दाजी आंब्याखालून उठून खाली आले. काय निघालं म्हणून विचारलं.

"तेल, साहेब."

"आणि ते तुला दिसलं नाही?"

इस्माईलभाई हाताची राख पुसू लागले. आता मात्र मला राहवेना.

"दाजी, तेल मी घातलं. काल, पूजेच्या वेळी. वाटीभर."

दाजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही. मग इस्माईलभाईंना म्हणाले, "चल, गाडी काढ." चाकरीचा विषय तिथेच मिटला. गाडी खिंड चढली आणि मी लाजेने चूर होऊन मागे बसलो. खंडाळ्याला दाजींनी बंधूंना सोनं दिलं, मग बाहेर येऊन इस्माईलभाईंच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. मला मात्र त्या पानासाठी रात्रीच्या जेवणापर्यंत थांबावं लागलं.

दाजी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी परत निघालो ते आम्ही दोघेच. मी पुढे बसलो. मळवली मागे पडली, कामशेत आलं, चढ सुरू झाला, आणि मी विचारलं, "पाकळी का लपवलीत?"

"लपवली कुठं? जपून ठेवली," इस्माईलभाई म्हणाले. "तुम्ही बोलला नसता, तर तीच साहेबांच्या हातावर ठेवली असती."

त्यांनी खिशातून ती काढून माझ्या हातावर ठेवली आणि खिंडीच्या माथ्यावर, सवयीने, क्लच दाबला.