मागचं चाक की पुढचं?

पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘सायकल चालू स्थितीत, मोडतोड नाही.’ आणि त्या सायकलवरच्या बाईच्या मांडीत रॉड घातलेला होता.

सरांनी फाइल माझ्याकडे सरकवली. “वाच, आणि आपण कुठे बुडणार ते सांग.”

मी उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये सरांच्या ऑफिसात ज्युनिअर वकील होते. कोर्टात माझं बोलणं एवढंच असायचं, ‘पुढची तारीख मिळावी.’ इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलताना अडखळायची भीती. इंग्रजी बोललं की लोकांना वाटायचं, शायनिंग मारते. म्हणून मी गप्प बसून बघत राहायचे.

सायकलवरची ती बाई म्हणजे आमच्या अशील, अंबरनाथच्या चंद्रकलाताई. कॅम्पातल्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे कॅरिअरवर बांधून घरी न्यायच्या, धागे कापून परत आणून द्यायच्या. एका दुपारी घरी जाताना गाडीची धडक बसली. गाडी चालवणारा कॅम्प दोनचा एक कापडाचा व्यापारी, सगळे त्याला शेठच म्हणतात. शेठनेच त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. आपल्या माणसाला सांगितलं, “बाई की सायकल बनवाके घर छोड दे.”

ताईंचे मिस्टर भारावून गेले. पोलीस कशाला, माणूस चांगला आहे, असं म्हणाले. आपल्याकडे सायकल दुरुस्त करून मिळाली की अपघात मिटला असंच धरतात.

हॉस्पिटलने कळवल्यावर पोलीस पंचनाम्याला आले. पंचनामा म्हणजे दोन साक्षीदारांसमोर जे दिसतं ते लिहून घेणं. दिसली ती ताईंच्या दारात उभी असलेली चकचकीत सायकल. अपघात कसा झाला हे शेठने सांगितलं, कारण ताई ऑपरेशन टेबलवर होत्या. शेठचं म्हणणं असं, की बाई गल्लीतून अचानक बाहेर आली आणि गाडीच्या डाव्या दरवाजावर आदळली.

अशा केसमध्ये भरपाई विमा कंपनी देते, त्यामुळे भांडतेही तीच. कंपनीने शेठचं म्हणणं उचलून धरलं. चूक बाईची ठरली तर काहीच मिळणार नव्हतं. इकडे हाड नीट जुळलं नव्हतं, दुसरं ऑपरेशन नाही झालं तर गुडघा कायमचा आखडणार होता.

त्याहून वाईट म्हणजे ताईंचाच स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता.

“मॅडम, गठ्ठा जड होता. मीच आडवी गेले असेन का हो? हे पण तसंच म्हणतात.”

“तुम्हाला काय आठवतं?”

“पाठीमागून कुणी ढकलल्यासारखं. मग एकदम हॉस्पिटल.”

शेठच्या साक्षीच्या दिवशी सर दुसऱ्या कोर्टात अडकले. फोनवर म्हणाले, “क्रॉस मी घेईन. तू तारीख माग आणि ये.” क्रॉस म्हणजे उलटतपासणी, समोरच्यांच्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारायचे.

मी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले होते. पलीकडे शेठ कुणाला तरी सांगत होते, “हमने तो सायकल पे नया चक्का डाल के दिया. आजकल कौन करता है?”

चक्का. एकच. कुठला?

मी ताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “मी कुठे बघितली? घरी आले तोवर यांनी विकून पण टाकली.” मिस्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “नवी दिसत होती, एवढं खरं. चाकं कोण बघत बसतं?”

आडवी येऊन दरवाजावर आदळली असेल, तर पुढचं चाक वाकणार. मागून उडवली असेल, तर मागचं. सरांचा नियम होता, उत्तर माहीत नसेल तर क्रॉसमध्ये प्रश्न विचारायचा नाही. शेठ ‘पुढचं’ म्हणाले असते, तर मीच केस बुडवली असती. पण तारीख घेतली असती, तर तोवर कंपनीच्या वकिलालाही हे सुचलं असतं.

शेठने आत येऊन दरवाजाची गोष्ट पुन्हा सांगितली. कंपनीचे वकील बसले. जज म्हणाले, “मॅडम, सर कुठे आहेत? तारीख हवी का?”

“नको, सर. मी विचारते.” आवाज माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

“जरा मोठ्याने बोला.”

मी शेठकडे वळले. “तुम्ही बाईंना स्वतः हॉस्पिटलला नेलंत?”

“हां मॅडम. खून से सीट खराब झाली, मी काय बोललो नाही.”

“सायकलही तुम्हीच दुरुस्त करून दिलीत?”

“मग! गरीब बाई आहे.”

“नुसतं पंक्चर वगैरे काढलंत?”

शेठला राग आला. “पंक्चर? पूरा चक्का नया डाला. कॅरिअर नया, मडगार्ड नया, पीछे की लाल बत्ती भी!”

कंपनीचे वकील ताडकन उठले. “सर, याचा अपघाताशी काय संबंध?”

जजनी लिहिणं थांबवलं. “बसा. उत्तर पूर्ण होऊ द्या.”

मी विचारलं, “चक्का कुठला बदललात?”

“पीछे का. वो तो पूरा मुड गया था.”

“आणि पुढचा? तोही बदलावा लागला असेल.”

“आगे का क्यूं बदलेंगे? तो एकदम फर्स्ट क्लास होता. आम्ही फालतू...”

इथे शेठ थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग कंपनीच्या वकिलाकडे. वकील फाइलमध्ये तोंड घालून बसले होते.

“आणखी प्रश्न नाहीत,” मी म्हणाले. या वेळी मोठ्याने.

बाहेर येताच ताईंनी काठी टेकवली आणि सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल अशा आवाजात मिस्टरांना म्हणाल्या, “अहो, ऐकलंत ना? मागून! मी सांगत होते ना, मागून!” मिस्टर “हो, हो, हळू बोल” म्हणत राहिले. त्या काही हळू बोलल्या नाहीत.

संध्याकाळी सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “नियम मोडलास.” मग म्हणाले, “पुढच्या केसचा क्रॉस तूच घे.”

निकालात पूर्ण चूक गाडीची ठरली. भरपाई मंजूर झाली, ऑपरेशन झालं. ताई आता काठीशिवाय चालतात. शेठ अजूनही बाजारात भेटले की नमस्कार करतात, पण बोलायला थांबत नाहीत.

सायकलवर असताना गाडीने धडक दिली, तर काय करावं, असं मला बरेच जण विचारतात. गाडीचा नंबर घ्यावा. हॉस्पिटलमध्ये, कसं लागलं ते स्वतः किंवा घरच्यांनी सांगावं. पोलिसांना कळवावं, माणूस चांगला असला तरी. आणि कुणी प्रेमाने सायकल दुरुस्त करून देत असेल, तर जरूर घ्यावी. फक्त आधी तिचा फोटो काढून घ्यावा.