ड्यूटीबाईंचे नऊ तास

ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या कार्डावर उरलं होतं. अडतीस बस डेपोंतले क्लार्क त्यांना ड्यूटीबाई म्हणायचे, आणि ते नाव डेपोतून निघून सॉफ्टवेअर कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर कधी पोचलं ते कुणालाच कळलं नाही. बाईंनाही त्याचं काही वाटत नव्हतं. ड्यूटी लावणं हेच तर त्यांचं काम. म्हणजे लावायचा त्यांचा प्रोग्राम: उद्या कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, किती वाजता, कुठल्या मार्गावर. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तो एकटीनं लिहिला आणि वीस वर्षं एकटीनं सांभाळला. भाषाही तेव्हाचीच. आता ती भाषा येणारं माणूस हवं असेल तर बागेत म्हाताऱ्यांच्या बाकाशी जाऊन हाक मारावी लागेल, असं ऑफिसात म्हणायचे. बाईंच्या तोंडावर मात्र कुणी म्हणायचं नाही. बाई नाकावर माशी बसू देणाऱ्यातल्या नव्हत्या.

त्या प्रोग्रामात एक नियम होता. एक ड्यूटी संपल्यावर नऊ तास झाल्याशिवाय ड्रायव्हरला दुसरी ड्यूटी मिळायची नाही. डेपो मॅनेजरनं कितीही डोकं आपटलं तरी पडद्यावर नाव उमटायचंच नाही. बाईंचा नवरा ड्रायव्हर. प्रोग्राम लिहून होत आला होता तेव्हा एकदा चार तासांच्या झोपेवर त्याला गाडीवर पाठवलं, तर बस फुटपाथवर चढून एका बंद दुकानाच्या शटरला टेकून उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही. पण नवरा खाली उतरून कडेला बसला तो तासभर उठलाच नाही. पुढच्याच महिन्यात बाईंनी नऊ तास घातले. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर घालू दिले नसते, हे तुम्हालाही कळतं.

तर झालं असं, की एका मोठ्या कंपनीनं यांची छोटी कंपनी घेतली. कागदोपत्री त्याला विलीनीकरण म्हणतात. दुधात साखर विरघळते तसं आपण एक होऊ, असं वरच्या साहेबांनी भाषणात सांगितलं. बाई शेजारणीला म्हणाल्या, "मांजरानं उंदीर खाल्ला तरी उंदीर मांजरात विलीनच होतो."

साखर विरघळण्याची पहिली पायरी म्हणजे यादी. दोन्ही कंपन्यांचे मिळून सत्तर प्रोग्राम, चौदा भाषांत लिहिलेले, डेटाबेस सहा प्रकारचे. इथून पुढे एक भाषा, एक डेटाबेस, प्रत्येक कामाला एकच हत्यार. यादीत असेल ते राहील, बाकीचं बंद. यादी करायला कमिटी नेमली आणि कमिटीवर मोठ्या कंपनीतून एक साहेब आले. शांत, चष्मेवाले, सगळ्यांशी अदबीनं बोलणारे. आठवड्याभरात त्यांचं नाव यादीसाहेब पडलं.

यादीसाहेबांनी प्रत्येक प्रोग्रामसाठी फॉर्म पाठवला. भाषा कुठली, ती किती जणांना येते, तीन वर्षांत किती तक्रारी नोंदल्या गेल्या, किती दिवसांत सुटल्या. फॉर्म भरला की गुण आपोआप निघणार. तक्रारींच्या रकान्यात बाईंनी पटकन शून्य लिहिलं. आणि का लिहू नये? दरवर्षीच्या सभेत जुने साहेब सांगायचे, सगळी कंपनी एकीकडे आणि ड्यूटीबाईंचं शून्य एकीकडे. त्या शून्याचा बाईंना सख्ख्या लेकरासारखा अभिमान होता.

आठ दिवसांनी निकाल आला. ड्यूटीच्या प्रोग्रामपुढे लिहिलं होतं: वापरात नाही, तिमाहीअखेर बंद.

बाईंना आधी वाटलं, ओळ चुकली. ओळ बरोबर होती. त्या जिन्यानं तडक पाचव्या मजल्यावर गेल्या.

"तीन वर्षांत एकही तक्रार नाही," यादीसाहेब म्हणाले. "ज्या वस्तूची तक्रार होत नाही, ती वस्तू कुणी वापरत नसतं. आपला आजवरचा अनुभव आहे तो."

"अडतीस डेपो रोज वापरतात."

"असतील. पण सत्तरच्या सत्तर लोक मला सांगताहेत, माझा प्रोग्राम जिवंत आहे. मी कुणाकुणाच्या शब्दावर जाऊ? आणि तुमची भाषा इतकी जुनी, की आमचं वापर मोजायचं साधन तिला जोडताच येत नाही. नोंदलेल्या तक्रारी दाखवा, फेरविचार करू. नाहीतर डेपोंना आमचा प्रोग्राम मिळेलच. तोही ड्यूटी लावतो."

"त्यात नऊ तास आहेत?"

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. "आहेत. शेजारी मॅनेजरसाठी बटण आहे. अडचण असेल तर ते कमी करू शकतात."

बाई जिना उतरून खाली आल्या. अडचण. अहो, डेपोत अडचण नाही असा एक दिवस बाईंनी वीस वर्षांत पाहिला नव्हता. ते बटण पहिल्या दिवशी दाबलं जाणार आणि महिन्याभरात त्यावरचा रंग उडणार. आणि तिमाहीअखेर ते अडतीस डेपोंत जाणार होतं.

चहाच्या खोलीत जुन्या साहेबांनी त्यांना गाठलं. छोट्या कंपनीचे हे साहेब. आता त्यांचंच आसन डळमळीत, पण माणूस मायाळू. हळूच म्हणाले, "ताई, एवढं काय त्यात? दोन-चार डेपोंतल्या क्लार्कांना सांगा, पन्नास-साठ तक्रारी टाका म्हणावं. मागच्या तारखा घालायची सोय आहे. कोण बघतंय?"

"म्हणजे मी जिवंत आहे हे दाखवायला खोटं खोकून दाखवू?"

"खोकायचं थोडं. लोक नाटकं करून हॉस्पिटलात जाऊन झोपतात."

"ते झोपोत. माझ्याकडून खोटी एक ओळ नोंदली जायची नाही. प्रोग्राम गेला तर खरा जाईल."

संध्याकाळी घरी आल्या त्या याच तोऱ्यात. नवरा आता निवृत्त. भाजी चिरायचं खातं त्याच्याकडे. त्याच्यासमोर त्यांनी सगळा सामना पहिल्या चेंडूपासून सांगितला. त्यानं मान डोलावली. "बरोबर केलंस. खोटं कशाला?"

जेवायला बसतात तोच बाईंचा फोन वाजला. दूरच्या डेपोतला क्लार्क. "ताई, एकाच नावाचे दोन ड्रायव्हर आलेत आमच्याकडे. यादीत एकच दिसतोय, दुसऱ्याला ड्यूटीच नाही." बाईंनी ताट सरकवलं, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि दहा मिनिटांत दुसरा ड्रायव्हर उगवला. मग त्यांनी कपाटातून जाड वही काढली, तारीख घातली, डेपो, काय बिघडलं, काय केलं ते लिहिलं आणि वही परत ठेवली. वीस वर्षांचा रिवाज होता तो. प्रत्येक डेपोच्या भिंतीवर त्यांचा नंबर चिकटवलेला. क्लार्क कशाला तक्रारीचा फॉर्म भरत बसेल? फोन लावायचा, बाई उचलतात.

नवरा घास हातात धरून बघत होता. "ही तक्रार नव्हती का गं?"

"फोन होता."

"हो का," नवरा म्हणाला आणि जेवायला लागला.

बाईंनी मात्र घास परत ताटात ठेवला. खोटं न बोलणारी बाई. आणि ते शून्य? ते कुठलं खरं होतं? रोग बाहेर दिसू नये म्हणून वीस वर्षं त्या दाराआड औषध देत होत्या आणि दरवर्षी सभेत टाळ्या घेत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीपायीच आज प्रोग्राम मेलेला ठरला होता. त्यांना लाज वाटली. नवऱ्यापुढे नाही, त्यानं तर विषयही बदलला. स्वतःपुढेच वाटली.

रविवारी त्यांनी वह्या काढल्या. तीन वर्षांच्या चार वह्या, चारशे बारा नोंदी. प्रत्येक नोंद म्हणजे त्यांचीच कुठली तरी चूक: इथे तारीख चुकलेली, तिथे महिलांची रजा मोजायला विसरलेली, एकदा तर अख्ख्या डेपोला सुट्टी देऊन टाकलेली. सोमवार ते बुधवार त्या एकेक नोंद तक्रारींच्या यंत्रणेत भरत बसल्या. जुने साहेब मागे उभे राहून वाचत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ताई, अहो, तुमचं नाव आहे या कंपनीत. हे सगळं बाहेर आल्यावर काय राहील?"

"चारशे बारा राहतील," बाई म्हणाल्या, "आणि एकही खोटी नाही."

गुरुवारी कमिटी बसली. पडद्यावर ड्यूटीचा प्रोग्राम मेलेल्यांतून उठून एकदम आजाऱ्यांत आला होता. यादीसाहेबांनी चष्मा पुसला.

"म्हणजे हा दर दोन-तीन दिवसांनी बिघडतो."

"बिघडतो. आणि वीस वर्षांत एकही ड्रायव्हर नऊ तासांच्या आत त्यानं गाडीवर पाठवलेला नाही."

"मान्य. पण मला एक सांगा. उद्या तुम्ही आजारी पडलात, तर फोन कोण उचलणार?"

माणूस उंटावरून शेळ्या हाकत असेल, पण ही शेळी त्यानं बरोबर ओळखली होती.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून भाषा तुमची घ्या. डेटाबेस तुमचा घ्या. मी शिकते आणि मीच नव्यानं लिहिते. पण ते बटण नको."

"बटण निघणार नाही. ग्राहक मागतात."

"मग राहू दे. पण ते दाबलं की तक्रार नोंदली गेली पाहिजे. आपोआप. कुठला ड्रायव्हर, वय काय, विश्रांती किती झाली, बटण कुणी दाबलं. आणि ती तक्रार तुमच्याकडे आली पाहिजे. तुम्ही स्वतः 'चालेल' लिहिल्याशिवाय गाडी सुटणार नाही."

कमिटीत कुणीतरी हसलं. यादीसाहेब हसले नाहीत. "अडतीस डेपो. मी दिवसभर तेच करत बसू?"

"मी बसले वीस वर्षं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर प्रोग्राम तुमच्याकडे सोपवल्याच्या कागदावर माझी सही नाही. उरलेल्या सतरा वर्षांच्या वह्या माझ्या कपाटात आहेत, तिथेच राहतील. त्यातली कुठली चूक पुन्हा करायची नाही हे तुमच्या नव्या माणसांना पुन्हा सगळ्या चुका करून शिकावं लागेल."

"ही धमकी झाली. तुम्हाला कामावरून काढताही येईल."

"काढा की." बाईंचा आवाज चढलाही नाही. "मला घरी भाजी चिरून मिळते. पण एक लिहून ठेवा. न झोपलेला माणूस गाडीवर गेला तर 'चालेल' कुणी म्हटलं होतं, हे मला त्या कागदावर वाचता आलं पाहिजे. माझ्या प्रोग्रामात 'नाही' मी म्हणत होते. तुमच्यात 'हो' कोण म्हणतंय, एवढंच विचारते आहे. नाव घाला."

जुने साहेब टेबलाखाली त्यांचा पाय शोधत होते, दाबायला. सापडला नाही. मग यादीसाहेबांनी कागद ओढला आणि बाईंची अट लिहिली. स्वतःचं नाव घालताना त्यांचं पेन क्षणभर थांबलं, पण घातलं.

पुढचे आठ महिने जुना प्रोग्राम चालू राहिला आणि त्रेपन्नाव्या वर्षी बाई नवी भाषा शिकल्या. चिडत, करवादत, "या भाषेला साधं वजाबाकीचं वळण नाही" असं भिंतीला सांगत. पहिले सहा डेपो नव्या प्रोग्रामवर गेले. पहिला महिना बटण कुणी दाबलं नाही.

मग एका दुपारी, सव्वातीनच्या सुमारास, यादीसाहेब जिना उतरून बाईंच्या टेबलापाशी आले. पाचव्या मजल्यावरून कुणी स्वतः खाली आलेलं लोकांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात फोन होता.

"एक आलीय," ते म्हणाले. "चार तास वीस मिनिटं विश्रांती. माणूस सत्तावन्न वर्षांचा. जादा गाडी आहे, चारला सुटायची."

"मग?"

"मॅनेजर म्हणतो, दुसरा ड्रायव्हर नाही."

"नसेल."

"गाडीत पंचेचाळीस लोकांची तिकिटं काढलेली आहेत. रद्द केली तर बोंब होईल."

"होईल."

साहेब उभेच राहिले. आजूबाजूच्या टेबलांवरचं टाइपिंग थांबलं होतं. "तुम्ही काय केलं असतं?"

"मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "मी वीस वर्षं सांगितलं. आता तुमचं नाव आहे तिथे."

त्यांनी खुर्ची वळवली आणि आपल्या कामाकडे तोंड केलं. पण हात कीबोर्डवर नुसते ठेवलेले होते. त्यांनाही माहीत नव्हतं माणूस काय करणार ते.

मागे फोन वाजला. डेपो मॅनेजरच असणार, कारण पलीकडचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता, चढलेला, घाईतला. साहेबांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"गाडी रद्द करा," ते म्हणाले. "माणसाला घरी पाठवा, झोपू दे त्याला." मग थोडं थांबून, "हो. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."